कळसूबाईला जाताना : वाटाड्या घ्यावा की न घ्यावा?

(द्वितीय वर्ष कला)

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत घोकली आहे. जवळ गेले की दगडधोंडेच दिसतात, असा तिचा अर्थ गुरुजींनी सांगितलेला असतो. या म्हणीचा पडताळा घेण्याची संधी आमच्या वर्गाला यंदा चालून आली. ‘कळसूबाई शिखर : एक दिवसाची सहल. जाण्यायेण्याची गाडी, नाश्ता, जेवण, अनुभवी मार्गदर्शक. माणशी बाराशे रुपये’ अशी एक जाहिरात मोबाईलवरून फिरत फिरत वर्गाच्या गटावर येऊन पडली आणि तास सुटल्यावर जिन्यात, वाचनालयात, एस.टी.च्या थांब्यावर एकच चर्चा सुरू झाली. जावे की न जावे?

काहींनी लगेच नावे नोंदविली. ‘डोंगर चढायला मार्गदर्शक कशाला? आपले आपण जाऊ,’ असा बाणा काहींनी दाखविला. बरेच जण मात्र गप्प राहिले. गप्प राहण्याचे कारण वर्गात कुणी बोलून दाखवीत नाही, पण ते सर्वांना ठाऊक असते. बाराशे रुपये म्हणजे माझ्या आईची चार दिवसांची खुरपणीची मजुरी. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे वही घेतानाही ती शंभर पानी घ्यावी की दोनशे पानी, याचा विचार करण्याची सवय लागली आहे. तेव्हा सहलीचा प्रश्नही केवळ हौसेचा न मानता माहिती गोळा करून, तोलून मापून सोडवावा असे मी ठरविले. भूगोलाच्या सरांना विचारले, वाचनालयात नकाशे पाहिले, आणि वर्गातली एक मैत्रीण राजूरकडची आहे तिला तर भंडावून सोडले. त्या खटपटीतून हाती आले ते वाचक मित्रमैत्रिणींपुढे ठेवीत आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या डोंगराचा प्रश्न आला तरी विचाराची रीत हीच उपयोगी पडेल, असे वाटते.

घरी विषय काढला तेव्हा आई म्हणाली, “चढायचं तुम्ही, दमायचं तुम्ही, आन् पैसं त्याला कशापायी?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आपण सेवेचे मूल्य म्हणून जे शिकतो, त्याच्या मुळाशी आईचाच प्रश्न आहे. आपण नेमके काय विकत घेतो? त्याचे उत्तर मिळाले, तर जावे की न जावे याचे उत्तर आपोआप मिळेल.

प्रथम जायचे ठिकाण कोणते ते पाहू. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीलगत ते उभे आहे. पायथ्याचे गाव बारी. हे शिखर, भंडारदऱ्याचा जलाशय, रतनगड आणि दक्षिणेकडील हरिश्चंद्रगड यांच्या परिसरातील सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८६ साली ‘कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य’ म्हणून घोषित झाले. आपला राज्यप्राणी शेकरू या जंगलात आहे. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी येथल्या उतारांवर आहे. आणि मुख्य म्हणजे या डोंगरांत महादेव कोळी, ठाकर या आदिवासींची गावे आहेत. भात, नाचणी, वरई पिकवणारी ही माणसे अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून येथे राहत आहेत.

प्रवराकाठच्या आपल्यासारख्यांना या डोंगराशी आणखी एक नाते आहे, आणि ते आपण फारसे ध्यानात घेत नाही. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिच्यावर भंडारदरा येथे दगडी बांधणीचे धरण १९१० साली बांधावयास घेतले व ते १९२६ साली पुरे झाले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. त्यात सुमारे ११ टीएमसी पाणी मावते. ते पाणी नदीने खाली येते आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून डाव्या-उजव्या कालव्यांनी आपल्या शिवारात पोहोचते. आपल्याकडचा ऊस, साखर कारखाने, कारखान्यांच्या आधाराने निघालेल्या शाळा-कॉलेजे, एवढेच काय, पण माझ्या आईची खुरपणीची मजुरीसुद्धा त्या डोंगरावर पडणाऱ्या पावसातून आलेली आहे. एरवी दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात घाटघरला इतका पाऊस पडतो की त्याला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. आपण ज्याचे पाणी पितो तो डोंगर एकदा पाहून यावा, हे कारण मला करमणुकीपेक्षा मोठे वाटते. म्हणजे ‘जावे का?’ याचे माझे उत्तर ‘जावे’ असेच आहे. उरला प्रश्न तो ‘कसे जावे?’ हा.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. जाहिरातीतील बाराशे रुपयांची फोड केली तर त्यात चार गोष्टी दिसतात. पहिली गाडी, दुसरे जेवणखाण, तिसरी जुळवाजुळव म्हणजे माणसे गोळा करणे, वेळा ठरविणे, फोन करणे, आणि चौथी वाट दाखविणारा माणूस. पहिल्या तीन गोष्टी सोयीच्या आहेत. त्या आपण स्वतः केल्या तर पैसे वाचतात, श्रम वाढतात. चौथी गोष्ट निराळी आहे. तेथे आपल्या अंगी नसलेले ज्ञान आपण घेत असतो. म्हणून गाडी आणि भाकरी यांचा हिशेब एका बाजूला ठेवावा आणि वाटाड्याचा दुसऱ्या बाजूला. जाहिरातीत हे सारे एका रकमेत बांधलेले असते, म्हणून आपला गोंधळ उडतो.

वाटाड्याची गरज आहे की नाही हे तीन गोष्टींवर ठरते : वाट, ऋतू आणि घड्याळ.

पहिली वाट. बारीहून कळसूबाईला जाणारी वाट मळलेली आहे. शिखरावर देवीचे छोटे मंदिर आहे आणि तेथे भाविकांचा राबता असतो, नवरात्रात तर यात्राच भरते. उभ्या कड्यांच्या ठिकाणी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत, बऱ्याच ठिकाणी कठडे आहेत. सुट्टीच्या दिवशी तर पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहत चालले तरी शिखर गाठता येते. येथे वाट चुकण्याचे भय कोरड्या ऋतूत व दिवसाउजेडी कमी. पण तोच निकष रतनगडाला लावता येणार नाही. रतनवाडीहून गडाकडे जाणारी वाट दाट जंगलातून, ओढे ओलांडत जाते. तिला फाटे फुटतात, त्यांतला एखादा फाटा गुराख्यांच्या पायवाटेचा असतो आणि भलतीकडेच नेतो. हरिश्चंद्रगडाला तर एकाच गडाच्या वाटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाचनईची वाट सोपी मानतात, खिरेश्वरची लांबलचक, आणि कोकणातून कड्याला भिडणारी नळीची वाट जाणत्यांनीच करावी अशी. साम्रदजवळची सांधण दरी ही अरुंद घळ. दोन्ही बाजूंना उंच कातळ, आणि पाऊस आला की सारे पाणी त्याच घळीतून धावते. तिच्या पुढच्या टप्प्यात दोर लावून उतरावे लागते. तेथे दोर हाताळणारे अनुभवी लोक नसतील तर जाऊच नये. सारांश, सरसकट ‘वाटाड्या हवा’ म्हणणे जसे चूक, तसे सरसकट ‘नको’ म्हणणेही चूक. वाट पाहून ठरवावे.

दुसरा ऋतू. तोच डोंगर निरनिराळ्या महिन्यांत निराळा असतो. श्रावणात कळसूबाई हिरवीगार असते, धबधबे कोसळत असतात आणि मोबाईलवर फिरणारी छायाचित्रे याच दिवसांतील असतात. परंतु त्या छायाचित्रांत निसरडा कातळ दिसत नाही, दहा पावलांवरचे काही न दिसू देणारे धुके दिसत नाही, आणि रविवारी शिड्यांपाशी लागणारी माणसांची रांग तर मुळीच दिसत नाही. ओल्या लोखंडी शिडीवर, वाऱ्यात, मागून घाई करणारी गर्दी असताना चढणे हे सोपे काम नव्हे. अशा वेळी मळलेली वाटसुद्धा परकी होते. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत आकाश स्वच्छ, कातळ कोरडा आणि ऊन सोसवणारे. नवख्यांनी हेच दिवस धरावेत. भूगोलात आपण शिकतो की दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. संगमनेर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे शिखर त्याहून अकराशे मीटर वर. खाली सकाळी बारा अंश असेल तर वर पाच-सहा अंश, शिवाय वारा. स्वेटर हा येथे फॅशनचा भाग नाही, हे यावरून कळेल.

उन्हाळ्याबद्दल मुद्दाम लिहायला हवे. वाळलेले गवत आणि वारा यांचा भरवसा धरू नये. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणवा पेटला आणि त्यात सापडलेल्या गिरिभ्रमण करणाऱ्यांपैकी वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. आयोजकांबरोबर गेलेली मंडळीही त्यांत होती. ‘मार्गदर्शक बरोबर आहे’ या एका वाक्यावर विसंबून ऋतूचा विचार सोडून देता येत नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा. आपल्या सह्याद्रीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे आग्या मोहोळ. धूर, उग्र अत्तरे आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. मोहोळे कोठल्या कड्याला लागलेली आहेत हे स्थानिक माणूस नेमके सांगतो, नकाशा सांगत नाही.

तिसरे घड्याळ. एक दिवसाच्या सहलीत हाच खरा शत्रू आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड अकरा तासांचा. संगमनेरहून अकोले, राजूर, शेंडी या रस्त्याने बारीला पोहोचायला दोन-अडीच तास धरावेत. सवय नसलेल्या मुलामुलींना शिखर चढायला तीन-चार तास लागतात, उतरायला अडीच-तीन. आता मांडणी करून पाहा. पहाटे साडेपाचला निघाले तर आठला पायथा, बाराला शिखर, एक तास वर, चारला पुन्हा बारी. येथे उजेडाचे दोन तास हाताशी राहतात. तेच सकाळी आठला निघाले, वाटेत रंधा धबधब्यापाशी थांबले, नाश्त्याला तास घालवला, तर पायथ्याशीच बारा वाजतात आणि उतरताना शिड्यांवर अंधार गाठतो. म्हणून जाहिरात कुणाचीही असो, पहिला प्रश्न पैशांचा न विचारता ‘पायथ्याहून चढायला किती वाजता लागणार आणि किती वाजता कुठेही असलो तरी मागे फिरणार?’ हा विचारावा. मागे फिरण्याची वेळ ज्याने ठरविलेली नाही, तो मार्गदर्शक नव्हे, तो केवळ सोबती.

येथे वाटाड्या आणि आयोजक यांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. शहरातून गाडी घेऊन येणारा आयोजक आणि डोंगराच्या कुशीत जन्मलेला वाटाड्या हे दोन वेगळे लोक असतात. चांगला आयोजक गावातला वाटाड्या बरोबर घेतोच. प्रथमोपचाराची पेटी, माणसांची मोजदाद, जवळचा दवाखाना कोठे याची माहिती या गोष्टी आयोजकाकडे असतात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची आहे. तेव्हा ‘नोंदणी आहे का?’ हे विचारण्यात संकोच बाळगू नये. किती मुलांमागे किती जाणते लोक? विमा आहे काय? पाऊस आला, सहल रद्द झाली, तर पैसे परत मिळतात काय? जेवण गावात होणार की शहरातून डब्यात येणार? एवढे प्रश्न विचारले की माणूस कसा आहे ते कळते. जो नीट उत्तरे देतो त्याच्याकडे पैसे टाकायला हरकत नाही. जो ‘तुम्ही काळजीच करू नका’ एवढेच म्हणतो, त्याची आपण काळजी करावी.

अटी आधी ठरवाव्यात, हे तर कळसूबाईची कथाच शिकवते. लोक सांगतात की, काळसू नावाची कोळ्याची मुलगी डोंगराच्या पायथ्याला एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली होती : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, बाकीचे सांगाल ते काम करीन. पुढे एके दिवशी घरच्यांनी तिला तीच कामे सांगितली. तिने ती केली, आणि मग ते घर सोडून ती डोंगरावर निघून गेली ती कायमची. महाराष्ट्राच्या सर्वोच्च ठिकाणी कुणा राजाचे नव्हे, तर शब्द मोडलेला सहन न करणाऱ्या एका कामकरी मुलीचे नाव आहे, हे मला फार मोलाचे वाटते. ही कथा ऐकून आईही क्षणभर गप्प बसली.

आणि अशा कथा सांगतो तो वाटाड्याच. मैत्रिणीचे चुलते राजूरच्या बाजूला पाहुण्यांना डोंगर दाखवायला जातात. त्यांच्याशी फोनवर बोलले तेव्हा अर्ध्या तासात जे कळले ते मला पुस्तकात शोधायला आठ दिवस लागले असते. हिरडा कोणत्या दिवसांत वेचतात, शेकरूचे घरटे कसे ओळखायचे, खाचरात आवणी कशी करतात, हे त्यांनी सांगितले. याच अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे. सावकार आणि इंग्रज यांविरुद्ध त्यांनी बंड केले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. आपल्या अभ्यासक्रमात १८५७ चा उठाव पानेच्या पाने असतो, पण आपल्याच जिल्ह्यातील नऊ वर्षे आधीचे हे नाव किती जणांना ठाऊक आहे? याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, परंतु गावरान बियाण्यांच्या त्यांच्या संग्रहासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान केवळ छापील पानांत असते असे मानणाऱ्या आपण कॉलेजातल्या मुलांनी हे लक्षात घ्यावे. ज्यांच्या आई-वडिलांना सहीपुरते लिहिता येते अशा आमच्यासारख्यांना तर ते चटकन पटावे. तण कोणते आणि रोप कोणते हे माझ्या आईला दोन पानांवर असतानाच कळते. तिच्या त्या जाणकारीची मजुरी तिला मिळते. वाटाड्यालाही त्याच्या जाणकारीची मिळाली पाहिजे.

म्हणून वाट मळलेली असली, धोका नसला, तरी मी गावातला वाटाड्या घ्यावा याच मताची झाले आहे. वाट दाखविण्यापुरता नव्हे, तर डोंगर समजावा म्हणून. दुसरे असे की, आपण जातो तेथला कचरा गावाला राहतो, वाटांची झीज गावाला सोसावी लागते, गर्दीचा त्रास गावालाच होतो. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदऱ्याच्या परिसरात रात्री गाड्यांची रीघ लागते आणि दिव्यांच्या झोतांनी काजव्यांचे परस्परांना खुणावणेच बिघडते. अशा वेळी निदान चार पैसे तरी गावात राहावेत. बारीतल्या एखाद्या घरी आधी सांगून ठेवले तर भाकरी-पिठले मिळते, आणि ते शहरातून आणलेल्या थंड पुलावापेक्षा खचित गोड लागते.

मुलींच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. मुलांना घरी ‘जाऊन येतो’ एवढे म्हटले की पुरते. आम्हाला कोण बरोबर आहे, किती वाजता येणार, गाडी कुणाची, याची उत्तरे द्यावी लागतात. पुष्कळदा परवानगी पैशांअभावी नव्हे, तर या उत्तरांअभावी नाकारली जाते. मार्गदर्शित सहलीचा मोठा उपयोग येथे होतो. नाव, पत्ता, वेळापत्रक, जबाबदार माणसाचा क्रमांक, हे सारे कागदावर असते आणि तो कागद वडिलांच्या हातात देता येतो. मात्र असा कागद आयोजकच देऊ शकतो असे नाही. वर्गाने सहल काढली, एक प्राध्यापिका बरोबर आल्या, नावांची यादी व वेळापत्रक कॉलेजच्या कार्यालयात ठेवले, तर तोच विश्वास निर्माण होतो. शिवाय मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. ज्या मुलींना चार जणींच्या गटाने जायचे असेल, त्यांना हा मोठाच आधार. अडचण फक्त परतीच्या गाडीची. संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता हे आगारात विचारल्याशिवाय सकाळची गाडी धरू नये.

कुणी जाऊ नये हेही सांगते. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल त्याने वैद्याला विचारावे. ज्याला उंचीचे भय वाटते त्याने मित्रांच्या आग्रहाखातर शिडीवर पाय ठेवू नये, यात कमीपणा काहीच नाही. अशांनी त्याच दिवशी भंडारदऱ्याचे धरण पाहावे, जलाशयाच्या काठाने रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचे प्राचीन, कोरीव देऊळ पाहावे. डोंगर डोक्यावरूनच पाहावा असा नियम नाही.

आता आमचा हिशेब सांगते. वर्गातील चौघांनी बसून कागदावर मांडणी केली. एस.टी.ची पूर्ण गाडी ‘प्रासंगिक करारा’वर घ्यायची. बारीतले दोन वाटाडे सांगायचे, एक पुढे, एक शेवटच्या मुलामागे. दुपारचे जेवण घरून बांधून न्यायचे आणि उतरल्यावरची भाकरी गावात घ्यायची. अभयारण्याच्या नाक्यावरचे शुल्क धरायचे. प्लॅस्टिक वर न्यायचे नाही, नेलेच तर मोजून खाली आणायचे. चाळीस जण आले तर माणशी खर्च जाहिरातीतील रकमेच्या जवळपास निम्म्यावर येतो. भूगोलाच्या सरांनी हा कागद पाहिला, वेळापत्रकात अर्धा तास वाढविला आणि बरोबर यायचे कबूल केले. ज्यांनी आधीच आयोजकाकडे नावे दिली होती त्यांचेही काही चुकले असे मला वाटत नाही. त्यांच्यापाशी पैसे होते, जुळवाजुळवीला वेळ नव्हता, त्यांनी सोय विकत घेतली. फक्त आपण काय विकत घेतो हे माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, असा प्रश्न पुढे आला की या क्रमाने विचार करावा. वाट मळलेली, ऋतू कोरडा, निघण्याची वेळ पहाटेची आणि गट एकमेकांना ओळखणारा असेल, तर आपली सहल आपण काढावी आणि गावातला वाटाड्या घ्यावा. वाट जंगलाची, दिवस पावसाचे, किंवा गट परस्परांना अनोळखी असेल, तर नोंदणी असलेल्या, प्रश्नांची नीट उत्तरे देणाऱ्या आयोजकाबरोबर जावे. दोर लागणार असेल तर जाणत्या पथकावाचून जाऊच नये. आणि वेळ निसटली, आभाळ भरून आले, तर अर्ध्यातून मागे फिरावे. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे.

अखेरची विनंती प्राध्यापकवर्गाला. दरवर्षी वर्गाच्या सहलीसाठी निधीतून थोडी रक्कम बाजूला काढली, तर पैशांच्या कारणाने गप्प राहणाऱ्या मुलामुलींची नावेही यादीत येतील. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवी हाती येण्यापूर्वी एकदा तरी तिचे उगमस्थान पाहावे, एवढी व्यवस्था आपल्या महाविद्यालयाला अवघड नाही.